शेरा

डेड स्टॉक रजिस्टर हाती आलं
तेव्हा त्याला खाऱ्या बिस्किटांचा वास येत होता.
निवृत्तीच्या दुपारी टिपणीस सरांनी
किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला,
उचलला, परत ठेवला.
म्हणाले, "एकही वस्तू कमी नाही.
एकतीस वर्षांत."

लष्करातल्या बोळातली आमची शाळा.
नववी-दहावी मिळून सत्तेचाळीस मुलं.
माझ्याकडे विज्ञान, गणित,
आणि कुणी रजेवर गेलं की भूगोल.

कपाटात सूक्ष्मदर्शक, लाकडी पेटीत, अजून खळ्यात घट्ट.
परीक्षानळ्या चौऱ्याण्णव सालच्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.
एक तराजू, ज्यानं कधी काही तोललं नव्हतं.
आणि रजिस्टरात दर मार्चला त्याच वळणदार अक्षरात
सुस्थितीत. सुस्थितीत.
सुस्थितीत.

सरांवर राग नाही. ते माझेही सर.
याच काचेला नाक लावून मी तो सूक्ष्मदर्शक पाहिलाय.
कांद्याची पेशी शिकले ती फळ्यावर,
खडूची, विटेच्या आकाराची.
परीक्षेत बरोबर आली.

पहिल्याच सोमवारी भगीरथला म्हटलं,
कपाटाची दारं काढ.
तो म्हणाला, "मॅडम, लिखकर दीजिए."
दिलं.

कांदा अनीसनं आणला, त्याच्या अम्मीच्या गाड्यावरचा.
एक सूक्ष्मदर्शक, सत्तेचाळीस डोळे.
(दुसरा मिटायचा, हे आधी शिकवावं लागलं.)
रांग व्हरांड्यातून पाण्याच्या टाकीपर्यंत गेली.
थांबलेल्यांना वाचायला ट्रंकेतली पुस्तकं दिली,
तेव्हा कळलं, आपल्याकडे ग्रंथालय आहे.
कुशवाहांची रजनी नळीवरून उठेचना.
सगळी घरं एकमेकांना चिकटलेली, म्हणाली,
आमच्या मोहल्ल्यासारखी, फक्त इथे नाल्या नाहीत.

तराजू आता गुरुवारी सायकलवरून
पलीकडच्या मुलींच्या शाळेत जातो,
येताना त्यांचा ब्युरेट घेऊन येतो.
हा करार कुठल्याही कागदावर नाही.
सक्सेनाबाई आणि मी एकाच भाजीवालीकडे जातो,
तिथे मेथी निवडताना झाला.

भिंतीवरच्या नकाशात छत्तीसगड अजून वेगळं झालेलं नाही.
नवा मागायला अर्ज लिहिला होता.
मग मुलांनी लाल दोरा आणि टाचण्यांनी
सीमा स्वतःच ओढली,
दोनदा चुकून.
अर्ज ड्रॉवरमध्ये राहिला.

मग सप्टेंबरात लोकेंद्रच्या हातात नळी तडकली.

वर्गात इतकी शांतता मी परीक्षेतही ऐकली नाही.
सगळ्यांची नजर रजिस्टरावर.
किती कापणार, त्यानं विचारलं. खिशात हात.
मी विचारलं, फुटण्याआधी काय दिसलं?
"मोरचूद निळं होतं, पांढरं झालं.
वर थेंब जमले."
मग?
"मी तोंड वर धरलं होतं. पाणी... परत खाली आलं."
तापल्या काचेवर.
हे त्याला कुणी सांगितलं नाही. मी तर नाहीच.
त्या वर्षी एकाही मुलानं नळी सरळ धरली नाही.

संध्याकाळी शाई भरून लिहिलं:
परीक्षानळी, एक. फुटली.
शेऱ्याच्या रकान्यात पेन बराच वेळ थांबलं.
वापरात, असं लिहिलं.

मार्चमध्ये सर पेन्शनच्या कागदासाठी आले.
सवयीनं रजिस्टर ओढलं, चष्मा पुसला.
"किती?"
चार, सर. आणि एक थर्मामीटर.
त्यांनी पान उलटलं. परत उलटलं.
मला वाटलं आता बोलतील.
ते उठून सूक्ष्मदर्शकापाशी गेले,
हात मागे बांधून उभे राहिले,
देवळात उभे राहावं तसे नाही,
दुकानात, भाव विचारायचा की नाही, तसे.

मग वाकले.
काही दिसत नाही, म्हणाले.

अनीस फळा पुसत होता.
हळूच जवळ आला,
सर, म्हणाला,
एक डोळा मिटा.